काठोकाठ

नवतपा लागला त्या वर्षी
इंदोऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत
एकच कूलर होता, खिडकीबाहेर टेकवलेला, निळ्या पत्र्याचा.
बाबा वेल्डर. त्यांनीच जोडलेला.
त्याच्यापुढे सगळे ओळीनं झोपायचो :
बाबा, आई, मी,
आणि खिडकीच्या अगदी खाली सुगत,
त्याला घाम फार यायचा म्हणून.

संध्याकाळी नळ आला की पाइप लावून
टाकी काठोकाठ भरायचं काम माझं.
तरी रात्री तीनला पंप कोरडा फिरायचा,
खर्र खर्र,
आणि बाबा शिव्या देत बादल्या ओतायचे.

"ते पाणी पिऊन राहिलं, बाबा."
"कोण बे?"
"आतमधलं."

बाबा म्हणाले, पंख्याशिवाय आत काही नाही,
मीच बसवला ना.
आईनं तळपायांना कांदा चोळला : ऊन लागलं पोराले.
गजभियेकाकूंनी मिरच्या ओवाळून जाळल्या.
सगळ्यांना ठसका लागला.
म्हणजे नजर नाही. म्हणजे काहीच नाही.
रफीकभाईनं तिन्ही बाजूंचं गवत काढून दाखवलं,
"देख बेटा, खाली है."
सुगतनं वाकून पाहिलं, नीट पाहिलं.
"दिवसा नसते ते," म्हणाला.

माझ्याकडे तो सगळ्यात शेवटी आला.
"ताई, काल रात्री तू मले कूलरमधून काहून बोलावलं?"
"मी तर झोपली होती."
"मले माहीत हाय. म्हणूनच गेलो नाही."

मी हसले. वर गल्लीत सांगितलं.
दोन दिवस पोट्टे त्याला पाहून
गालातून पंपाचा आवाज काढायचे.

मग त्यानं सांगणं बंद केलं.
फक्त झोपताना माझ्या ओढणीचं टोक
स्वतःच्या मनगटाला बांधून घ्यायचा.
मला गरम व्हायचं.
तो झोपला की मी गाठ सोडायचे.

सातव्या रात्री लाईट गेली.
पंखा गरगरत थांबला, गल्लीतले सगळे कूलर थांबले,
आणि इतकं शांत झालं
की गवतातून थेंब पडताना ऐकू यायचा.
मग मी ऐकला माझा आवाज.
"सुगत, ये ना इकडं.
थंड आहे इथं."

मी तोंडावर हात नेला.
ओठ मिटलेले होते.

अंधारात सुगत उठून बसला होता.
माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला,
"ताई, आता तरी?"

आणि मी डोळे मिटून घेतले.
झोपलेली माणसं घेतात तसा
लांब श्वास घेतला.
एक. मग आणखी एक.

सकाळी बाबा खूश. रात्रभर पंप सुटला नाही,
टाकी काठोकाठ.
आई खूश. पोरगं खिडकीला पाठ लावून निवांत झोपलेलं.
त्याचे केस ओले होते.
कॉलरमध्ये गवताची एक काडी.
उठल्या उठल्या त्यानं पाणी मागितलं.
मग परत मागितलं.
दुपारपर्यंत माठाच्या तळाला
पेला घासल्याचा आवाज यायला लागला.

"आई, हा सुगत नाही."
आईनं माझ्या कपाळाला हात लावला :
"तुलेही ऊन लागलं का वं?"
दारात तो पेला धरून उभा होता.
हसला. मी गल्लीत हसले होते,
अगदी तसाच.

आता खिडकीखाली मी झोपते.
कांदा चोळून झाला, मिरच्या जाळून झाल्या,
रफीकभाई परत येऊन गेला.
सगळे घोरायला लागले की
ओढणीचं एक टोक मनगटाला बांधते,
दुसरं गजांमधून आत सोडते,
ओल्या गवतापलीकडे, हात पोचेल तितकं खोल.

तीनच्या सुमारास, कधी कधी,
तिकडून कोणीतरी गाठ मारतं.